कणोबा आणि तीन दिव्यांचा प्रोटॉन

त्या दिवशी वारा असा सुटला होता, की उतारावरच्या न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाची उरलेली अर्धी वाऱ्यानंच उतरवली. न्हावी नुसता वस्तरा धरून बघत राहिला. खोटं वाटत असेल तर वाटू दे. आपल्याला काम आहे ते त्याच्या समोरच्या दुकानाशी.

ते दुकान दिव्यांचं. घरात लावायच्या दिव्यांचं नव्हे, नाटकाच्या दिव्यांचं. मोठाले स्पॉट, लोखंडी स्टँड, आणि स्पॉटपुढे लावायचे रंगीत जिलेटिनचे कागद. ते वाऱ्यावर फडफडले की सगळं दुकान क्षणात लाल, क्षणात हिरवं व्हायचं. दुकान मामांचं. पण कुठला दिवा कुठं उभा करायचा, किती मंद ठेवायचा, नटीच्या गालावर संध्याकाळ कशी उतरवायची, हे सगळं त्यांच्या भाचीच्या हातात. तिला सगळे दिवेवालीच म्हणत. तिनं एकदा रंगमंचावर अशी पहाट केली होती, की मागच्या गल्लीतला कोंबडा आरवला आणि पहिल्या रांगेतले आजोबा दात घासायला उठले.

तर ही दिवेवाली शिडीवर चढून दुकानाच्या पाटीवरचा बल्ब बदलत होती, आणि वरच्या बाजूनं एक तरुण उतार उतरत येत होता. छातीशी पुठ्ठ्याचं खोकं, चष्मा नाकाच्या टोकावर, केस पूर्णपणे वाऱ्याच्या ताब्यात. वाऱ्यानं खोक्याचं झाकण उडवलं, तरुणानं झाकण धरायला हात सोडला... आणि खोक्यातले रंगवलेले चेंडू टुणटुण उड्या मारत निघाले थेट शिडीच्या दिशेनं.

ती शिडीवरून उतरली, पडली की उडाली, यावर न्हावी आणि मामा यांच्यात आजही एकमत नाही. एवढं खरं, की खाली आली तेव्हा तिच्या हातात एका जुन्या स्पॉटचं पत्र्याचं टोपडं होतं, आणि त्यात चेंडू टपाटप पडत होते.

"पाच मिळाले," ती धापा टाकत म्हणाली. "सहावा गेला."

तरुणानं टोपड्यात डोकावून पाहिलं. मग पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं — आणि आपण काय म्हणणार होतो ते विसरला. आठवायला त्याला बराच वेळ लागला.

"टॉप गेला," तो म्हणाला. "तो जाणारच. तो कधी टिकतच नाही."

असं विचित्र उत्तर ऐकल्यावर कुणीही काढता पाय घेतला असता. दिवेवालीनं एक चेंडू उचलून त्यावरचं नाव वाचलं. मग दुसरा. अप, डाउन, स्ट्रेंज, चार्म, बॉटम. कुत्र्याच्या पिल्लांची नावं आहेत का, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, क्वार्कांची. आपण, हे दुकान, ही शिडी, सगळं अणूंचं. अणूच्या पोटात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. आणि त्यांच्याही पोटात हे. दोन अप आणि एक डाउन मिळून प्रोटॉन होतो. दोन डाउन आणि एक अप मिळून न्यूट्रॉन. हे तो इतक्या आनंदानं सांगत होता, की जणू काल रात्री त्यानं स्वतःच ते बसून वळले असावेत.

"मग अप वर असतो नि डाउन खाली?"

"छे, वर-खाली काही नाही. जुळ्यांसारखे आहेत, ओळखू यावेत म्हणून नुसती नावं. क्वार्क हाही तसाच शब्द. ज्यानं नाव ठेवलं त्याच्या कानात म्हणे आधी नुसता आवाज आला, त्याला तो आवडला. तो लिहायचा कसा, ते नंतर ठरलं."

"आणि हा स्ट्रेंज? यानं काय विचित्र केलं?"

"हा ज्यांच्यात असतो ते कण जन्माला येतात झटकन. पण जायला फार वेळ लावतात. जावेत त्याच्या किती तरी पट वेळ."

"म्हणजे आमच्या मामांचे पाहुणे," ती म्हणाली. "निघतो निघतो म्हणत दारात तासभर."

दुकानातून मामांचा खोकला ऐकू आला. तरुण हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडते, हे तिनं बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

"चार्म?"

"मोहिनी," तो म्हणाला, आणि उगीचच चष्मा पुसायला लागला. "हा कुणी पाहिला नव्हता. पण हा असेल तर सगळा हिशोब फार देखणा होतो, असं काहींच्या लक्षात आलं. म्हणून आधी नुसता मनात धरला. मग... खरंच सापडला."

"आधी मनात, मग खरंच?"

"होतं तसं. कधीकधी." चष्मा पुसून झाला होता तरी तो पुसतच होता. "टॉप आणि बॉटमला तर काही जण सत्य आणि सौंदर्य म्हणायचे. पण ती नावं टिकली नाहीत."

"ज्यांनी बदलली त्यांना घरी कुणी चहा विचारत नसणार," दिवेवाली म्हणाली, आणि सौंदर्य त्याच्या हातात ठेवलं.

एवढं झाल्यावर मामा बाहेर आले आणि त्यांनी कामाचं विचारलं. तेव्हा कळलं, की हा तरुण कॉलेजात शिकवतो, आणि विज्ञान केंद्रात उघडणाऱ्या नव्या दालनात अणूच्या पोटातला एक कोपरा त्याच्याकडे आहे. क्वार्कांच्या अंगी आणखी एक गुण असतो, त्याला रंग म्हणतात. तो डोळ्यांना दिसणारा रंग नव्हे, नुसतं नाव. प्रोटॉनमधले तीन क्वार्क नेहमी लाल, हिरवा आणि निळा असे असतात, आणि तिन्ही मिळून पांढरं. हेच त्याला भिंतीवर दाखवायचं होतं. त्यानं रंगाऱ्याला सांगितलं, तीन गोल काढा, मधे तिन्ही रंग एकमेकांत मिसळा, तिथं पांढरं होईल. रंगारी म्हणाला, चिखल होईल. हा म्हणाला, पांढरं होईल, मी शिकवतो हे. रंगाऱ्यानं मिसळून दाखवलं. चिखल झाला. तरी हा फळ्यावर आकृती काढायला निघाला, तेव्हा रंगारी ब्रश धुऊन निघून गेला.

"प्रकाशात पांढरं होतं," दिवेवाली म्हणाली.

"माहीत आहे हो," तो कळवळून म्हणाला. "वर्षानुवर्षं शिकवतोय. फक्त रंगाऱ्याच्या डब्यात प्रकाश नसतो, एवढं सुचलं नाही."

मामा इतके हसले, की शेल्फावरचे दोन बल्ब आपोआप लागले. त्यांनी त्याच क्षणी काम घेतलं आणि तरुणाचं नाव ठेवलं — कणोबा.

आता यात एक अडचण होती, आणि ती दिवेवालीची होती. एक मोठी नाटक मंडळी दौऱ्यावर निघायची होती. कित्येक शहरं, कित्येक महिने. त्यांना प्रकाशाची सगळी जबाबदारी घेणारं माणूस हवं होतं, आणि त्यांनी तिला विचारलं होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिला स्पॉट फिरवला तेव्हापासून ती याचीच वाट बघत होती. मंडळीचे व्यवस्थापक दालनाच्या उद्घाटनाला येणार होते, आणि तिथंच त्यांना हो किंवा नाही सांगायचं ठरलं होतं. वारा सुटायच्या आदल्या दिवशी कुणी विचारलं असतं, तर ती वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाली असती. आता मात्र बॅग काढायची, झटकायची आणि पुन्हा माळ्यावर ठेवायची, असं तिचं चाललं होतं. मामा बघत होते. बोलत नव्हते, पण त्यांच्या मिशा बोलत होत्या.

दालनातलं काम दुपारचं चालायचं. जाड पडदे ओढले की आत काळोख, आणि काळोखात तिचे तीन स्पॉट. एकावर लाल जिलेटिन, एकावर हिरवं, एकावर निळं. कणोबा कॉलेज सुटलं की यायचा, आणि नसलेल्या कामात मदत करायचा. वायर धरायचा. स्टँड धरायचा. एकदा तर त्यानं बराच वेळ एक भिंत धरून ठेवली.

तो बोलायचा मात्र झकास. एका दुपारी त्यानं तिला सांगितलं, की तिन्ही क्वार्कांचं स्वतःचं वजन काढलं तर ते प्रोटॉनच्या वजनाच्या शंभरात जेमतेम एक भाग भरतं.

"मग बाकीचं वजन कुणाचं?"

"त्यांच्यामधल्या ओढीचं. धावपळीचं. आपण जे काही जड जड म्हणतो ना, ते जवळजवळ सगळं ओढीचंच असतं."

त्यानंतर स्टँड उचलताना दोघंही त्याच्याकडे जरा आदरानं बघायला लागले.

मग भांडण झालं. तेही असं, की इतर कुणी कधी भांडलं नसेल.

तिच्या धंद्यातला नियम असा, की महत्त्वाच्या पात्राला एंट्रीला स्वतःचा स्पॉट द्यायचा. म्हणून तिनं रचना केली: आधी काळोखात एकटा लाल गोल. थोडं थांबून हिरवा. मग निळा. मग तिघं सरकत सरकत एकमेकांवर येतात आणि मधे लख्ख पांढरं. तिनं करून दाखवलं. पांढरं झालं तेव्हा तिच्याच अंगावर काटा आला. आणि कणोबा म्हणाला, हे चालणार नाही.

क्वार्क एकटा असतच नाही, असं त्याचं म्हणणं. आजवर कुणी एकटा पाहिलेला नाही. जवळ असतात तेव्हा अगदी मोकळे असतात, पण लांब करू गेलं की ओढ काही कमी होत नाही. ताणत राहावं, ताणत राहावं, तर त्या ताणातूनच क्वार्कांची नवी जोडी जन्माला येते आणि सुटू पाहणाऱ्यालाही जोडीदार मिळतो. एकटा लाल गोल दाखवणं म्हणजे लेकरांना धडधडीत खोटं सांगणं.

ती म्हणाली, प्रेक्षकांना आधी तिघांची ओळखच झाली नाही, तर ते एकत्र आल्याचं कौतुक कुणाला? तो म्हणाला, कौतुकासाठी खोटं दाखवायचं का? ती म्हणाली, तुम्हाला सगळ्या कणांबद्दल सांगता येतं, फक्त समोरच्या माणसाला काय दिसतंय ते कळत नाही. यावर तो वायर होती तशी ठेवून निघून गेला. बाहेर पाऊस भुरभुरत होता. त्याची छत्री आतच राहिली होती, आणि ती घ्यायला तो परत आला नाही.

पुढं दोन दुपारी दालनात नुसते दिवे होते. तिसऱ्या दुपारी तो भिजलेल्या बुटांनी आत आला आणि दारातूनच, पाठ केल्यासारखं म्हणाला, की त्यानं खूप विचार केला, एकेक दाखवणंच बरोबर आहे, पोरांना ओळख हवीच.

"आता नाही होणार," ती म्हणाली. "मी तिन्ही दिवे एकाच कळीवर घेतलेत. लागले तर तिघं एकदम, नाहीतर कुणीच नाही. तुमचंच बरोबर होतं."

"अहो पण मी आत्ताच म्हटलं, की तुमचं बरोबर होतं."

"मी नाही बदलणार आता."

"पण तुमची एंट्री सुंदर होती!"

"असू दे. खोटी होती."

आणि तेच भांडण पुन्हा सुरू झालं, फक्त बाजू बदलून. आवाज इतका चढला, की वरच्या मजल्यावरचं भूकंपाचं यंत्र थरथरायला लागलं, असं तिथला पहारेकरी शपथेवर सांगतो. शेवटी ती म्हणाली, बघा तरी आधी, आणि कळ दाबली.

तिन्ही दिवे एकदम लागले. भिंतीवर लख्ख पांढरा गोल. निळा जरा जास्त वाटला म्हणून ती तो सारखा करायला दिव्यांच्या पुढून गेली... आणि कणोबा ओरडला, थांबा, हलू नका.

तिनं मागं वळून पाहिलं. पांढऱ्या गोलावर तिच्या तीन सावल्या पडल्या होत्या. एकही काळी नव्हती. एक मोरपंखी, एक राणी रंगाची, एक पिवळीधमक.

हे तिला नवं नव्हतं. लाल दिवा अडला की त्या जागी उरलेले दोन मिळून मोरपंखी पडतो, हिरवा अडला की राणी, निळा अडला की पिवळा. स्टेजवर हे टाळायला तिला शिकवलं होतं. पण कणोबा दालनभर नाचत सुटला होता. प्रत्येक क्वार्काचा एक उलटा भाऊ असतो, तो सांगत होता, प्रतिक्वार्क. त्यालाही उलटा रंग असतो. आणि लालाचा उलटा म्हणून आम्ही नेमका हाच मोरपंखी काढतो. हिरव्याचा उलटा राणी. निळ्याचा पिवळा. "मी हे पुस्तकात रंगवून रंगवून दमलो, आणि तुम्ही नुसत्या मधे उभ्या राहिलात..."

"आणि लाल नि मोरपंखी एकत्र आले तर?"

"पुन्हा पांढरं. दोघांचाच कण होतो तो. मेसॉन. त्याला तिसरा लागत नाही."

"म्हणजे दोघांत भागतं."

"भागतं," तो म्हणाला.

ती हलली नव्हती. त्यालाही दिव्यांपुढं यायचं काही कारण नव्हतं, तरी तो आला. भिंतीवर सहा सावल्या झाल्या. मग त्यातल्या कुठल्या कुणाच्या ते कळेनासं झालं. दिव्यांची ऊब पाठीवर येत होती. बोटाला बोट लागेल इतकं अंतर उरलं होतं...

"सावली छान पडते तुमची," तो म्हणाला.

एवढंच. मग तिनं कळ बंद केली आणि वायर गुंडाळायला घेतली.

उद्घाटनाला ही गर्दी. मोठ्या माणसांची भाषणं चालू असतानाच पोरांनी कोपरा ताब्यात घेतला होता. एकदम पेटणारे तीन दिवे, पांढरा प्रोटॉन, आणि त्यात स्वतःच्या रंगीत सावल्या नाचवणारी पोरं. कणोबा घसा बसेपर्यंत अप, डाउन, स्ट्रेंज, चार्म सांगत होता. एक आजी तर म्हणे आपली राणी रंगाची सावली घडी घालून पिशवीत घेऊन गेल्या. विज्ञान केंद्राच्या संचालकबाई खूश. मामांच्या मिशा खूश.

आणि दाराशी नाटक मंडळीचे व्यवस्थापक उभे होते, घड्याळ बघत.

दिवेवाली कणोबाला बाजूला, दिव्यांच्या मागं घेऊन गेली. तिनं दौऱ्याचं सगळं सांगितलं. उद्या सकाळी टेम्पो निघतोय, आणि उत्तर आत्ता द्यायचंय. मामा शेजारीच वायर गुंडाळत होते. गुंडाळून झाली की उलगडत होते आणि पुन्हा गुंडाळत होते.

"तुम्हाला काय वाटतं?" तिनं विचारलं. "जाऊ की नको?"

कणोबाचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे असं बघा," तो म्हणाला, "न्यूट्रॉन असतो ना, तो अणूच्या आत, सोबतीत असला की टिकतो. एकटा बाहेर काढला तर पाव तासात—"

"एकही कण नको." तिचा आवाज शांत होता, पण शिडीवरून उडी मारणारी पोरगी होती ती. "एक वाक्य बोला. त्यात एकही कण नको."

तो उभा राहिला. त्यानं चष्मा काढला, पुन्हा लावला. पोरं ओरडत होती. व्यवस्थापकांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. मामांच्या हातातली वायर थांबली.

"जा," तो म्हणाला.

तिनं खाली पाहिलं.

"जा, कारण तुला हेच करायचंय, आणि तुझा उजेड पुष्कळ लोकांनी बघायला हवा. आणि तू गेलीस की मला अजिबात करमणार नाही. दोन्ही खरं आहे. मला तू फार आवडतेस." त्यानं श्वास घेतला. "एका वाक्यात नाही बसलं. याच्यापुढं मला येत नाही."

"'तू' म्हणालात मला."

"हो. म्हणजे... हो."

"मग मीही म्हणते. मलाही तू आवडतोस. कधीपासून ते आत्ता विचारू नकोस, मामा ऐकतायत."

"मामा काही ऐकत नाहीत," मामा म्हणाले. "मामांचं सगळं लक्ष वायरीत आहे."

ती डोळे पुसत, हसत दाराशी गेली आणि व्यवस्थापकांना हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारीक पाऊस होता. दुकानासमोर टेम्पो लागला. कणोबानं कॉलेजातून रजा काढली होती. निरोप द्यायला किती वेळ लागेल याचा अंदाज नसल्यामुळे चांगली आठवडाभराची काढली होती. तो एकेक स्पॉट, एकेक स्टँड मागं चढवत होता. दिवेवाली आपल्या दिव्यांना एकटं सोडत नसे, म्हणून तीही पुढं न बसता मागंच, दिव्यांच्या गर्दीत बसली होती. शेवटचा स्टँड उंच होता आणि नीट उभा राहीना. तो सोडला असता तर सगळ्या दिव्यांवर आडवा झाला असता. म्हणून कणोबा आत चढला आणि तो धरून उभा राहिला.

धरायच्या कामात त्याच्याइतकं निष्णात कुणीच नव्हतं.

तेवढ्यात पुढं ड्रायव्हरनं टेम्पो सुरू केला. मामांनी हात हलवला, न्हाव्यानं वस्तरा हलवला, आणि टेम्पो उताराला लागला.

"अरे," कणोबा म्हणाला, "मी आत आहे."

"दिसतंय," ती म्हणाली.

ड्रायव्हरच्या पाठीमागची छोटी खिडकी तिच्या हाताशी होती. दोनदा ठोकलं असतं तर टेम्पो थांबला असता. सगळे तसंच थांबवतात. तिनं हात वर नेला, खिडकीपाशी क्षणभर ठेवला... आणि आत पाऊस येतोय असं म्हणत खिडकी घट्ट लावून घेतली.